दोन अंगठ्यांची गाडी

फेलिक्स शारजातल्या एका वर्कशॉपमध्ये सुतार होता. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या ग्लेनला वसईहून बोलावलं होतं. खोलीवर पोचताच ग्लेनला रोल्लाच्या बाजारातून आणलेली रिमोटची गाडी मिळाली. दोन्ही अंगठ्यांनी दोन बटणं एकदम दाबली की ती उभी राहून रोबो व्हायची. "पप्पा, आता तू कर!" विमानतळापासून फेलिक्सचा उजवा हात खिशातच होता. बायकोने हसत तो ओढून बाहेर काढला. अंगठा मुळापासून गेला होता. "कधी झालं?" "जानेवारीत. मशीनवर." "फोनवर दर शुक्रवारी मजेत आहे म्हणायचास!" "काम खलास झालंय. महिनाअखेरीला व्हिसाही जाईल. त्याआधी तुम्हाला एकदा दुबई दाखवावी म्हटलं." ग्लेनने रिमोट हळूच पाठीमागे लपवला. "सेल संपले, पप्पा," तो म्हणाला. रोबोचे लाल डोळे अजून लुकलुकत होते.