सात नंबरचा सूर

"एक, दोन, तीन," म्हणत ताईने हात खाली आणला आणि नऊ जणांनी नऊ वेगळ्या सुरांत गायला सुरुवात केली.

"थांबा, थांबा!" तिने कपाळावर हात मारला. "सकाळपर्यंत तर बरे गात होतात. गळे काय डेपोत ठेवून आलात?"

व्यासपीठामागच्या पडद्याआड नऊ ड्रायव्हर-कंडक्टर घसे खाकरू लागले. बाहेर शहराचा उन्हाळी कलामेळा ऐन रंगात आला होता. फुटपाथवर खडूची चित्रं, चाकावर फिरणारी मडकी, आणि खुर्च्या अडवून बसलेलं अर्धं शहर. डेपोचं गाणं साडेपाचला होतं. आता पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

ताई ही डेपोची मेकॅनिक. आठ महिने रोज सकाळी पहिल्या फेरीआधी तिने ह्या मंडळींना गायला उभं केलं होतं. शहराने आजवर त्यांच्या तोंडून "पुढे सरका" याखेरीज काही ऐकलं नव्हतं. आज ऐकवायचं होतं.

पुढच्या गटातल्या गिटारवालीला दया आली. तिने एक तार छेडली. "हा घ्या सूर." सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या आणि सूर पुन्हा नऊ दिशांना पांगले.

तेवढ्यात लंबू कंडक्टरच्या डोक्यात उजेड पडला. "ताई, सात नंबर कुठाय?"

ताई जागच्या जागी थिजली. सात नंबर ही डेपोतली सगळ्यात म्हातारी बस. सकाळी निघण्याआधी ती दहा मिनिटं नुसती चालू ठेवावी लागे, आणि हे सगळे तिच्याच शेजारी उभे राहून गात. इंजिनाजवळची एक पट्टी सैल होती. तिची घूंऽऽ अशी एकसारखी घुमणारी कुरकुर गाण्याखाली सतरंजीसारखी अंथरलेली असे. पान्याचे दोन फेरे दिले असते तर ती कुरकुर थांबली असती. ताईला ती आवडायची, म्हणून तिने ते फेरे आठ महिने दिले नव्हते. पण तिच्याशिवाय आपल्याला गाताच येत नाही, हे दहांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"साडेपाचची फेरी आहे तिची," लंबू म्हणाला. "तिचा थांबा तर इथंच आहे, स्टेजला लागून."

"आणि चालवतंय कोण, माहितेय ना?" ताई म्हणाली.

चालवत होता तिचा नवरा. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेला माणूस. सकाळी म्हणाला होता, "ड्यूटी आहे गं, पण खिडकीतून तरी ऐकेन तुमचं." त्याला फोन करण्यात अर्थ नव्हता. ड्यूटीवर फोन डेपोतच ठेवावे लागत.

साडेपाचला नाव पुकारलं गेलं. दहाही जण व्यासपीठावर जाऊन उभे राहिले आणि नुसतेच उभे राहिले.

"करा ना सुरू," निवेदिका कुजबुजली.

"सूर यायचाय," ताई म्हणाली.

"कुठून?"

"बाजाराकडून. सात नंबरने."

निवेदिकेसमोरचा माईक चालू होता. हशा पिकला. पहिल्या रांगेत तक्रारमास्तर उठून उभे राहिले. हे निवृत्त शिक्षक रोज थांब्यावर उभं राहून बसच्या उशिराची नोंद करायचे, म्हणून डेपोने त्यांचं हे नाव पाडलं होतं. त्यांनी वही उघडली. "सात नंबर? रोज सरासरी सात मिनिटं उशीर. लेखी आहे माझ्याकडे!"

"पाच मिनिटं देते," निवेदिका म्हणाली. "पाच पस्तीसला पुढचा गट."

ज्या बसला शहर रोज शिव्या घालायचं, तिच्यासाठी आता अख्खा चौक बाजाराच्या रस्त्याकडे माना वळवून बसला. काही पोरं खुर्च्यांवर चढली.

"पाच बत्तीस," मास्तर घड्याळात बघून ओरडले. मग, "पाच तेहेतीस." गिटारवाली पायरीपाशी येऊन उभी राहिली.

"पाच चौतीस!"

"आली!" लंबू ओरडला. दिसायच्या आधी ऐकू आली होती.

सात नंबर थांब्याला लागली. माणसं उतरली, चढली. नवऱ्याने बायकोकडे बघून दात काढले आणि गिअरकडे हात नेला. ताईने झटकन डावा हात वर केला.

वर्कशॉपमधली ही जुनी खूण. हात वर म्हणजे गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि मी हात खाली घेईपर्यंत जागचं हलायचं नाही. का म्हणून विचारायचंही नाही. नवऱ्याचा हात गिअरवरून मागे आला. सात नंबर घुमायला लागली.

ताईने उजव्या हाताने इशारा केला आणि नऊ गळ्यांतून एकच सूर निघाला.

गाणं चौकभर पसरलं. बसमधले प्रवासी खिडक्यांतून बाहेर झुकले. केबिनमध्ये नवरा मोठ्याने गात होता, आणि सुरात गात होता. ताईला इतका आनंद झाला की गाणं संपलं तरी डावा हात खाली घ्यायचं तिला सुचलंच नाही. हात खाली येईना म्हणून बस हलेना, आणि बस हलेना म्हणून मंडळींनी गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ह्या वेळी खुर्च्याही गात होत्या.

बस निघाली तेव्हा टाळ्या चालूच होत्या. तक्रारमास्तरांनी घड्याळ पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि सवयीप्रमाणे मोठ्याने उच्चारत वहीत लिहिलं, "सात नंबर. वेळेवर."