विब्केचं हसणं

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या इस्पितळात विब्केच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. औषधांना न जुमानणारं तिचं नैराश्य विजेनं तरी हटेल, एवढीच तिच्या नवऱ्याची, सीब्रेनची, आशा होती.

डॉक्टर हूकस्त्रांनी करंट सुरू केला. विब्के खळखळून हसली.

"अगं, किती वर्षांनी ऐकतोय हे!" सीब्रेनचे डोळे भरून आले. "कशाला हसतेयस?"

"उगाच रे. हलकं वाटतंय."

"आता जरा बंद करून बघते," डॉक्टर म्हणाल्या.

करंट थांबला. विब्केचा चेहरा पूर्वीसारखा विझला. ओठ मिटले.

हसणं मात्र खोलीत चालूच राहिलं. तेच, तसंच खळखळून.

डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं. ते बंदच होतं.

विब्केनं सीब्रेनचा हात घट्ट धरला.

"ही कोण हसतेय रे?"