निरोपाची कुऱ्हाड

ओझबाल्टने कारखान्यातल्या निरोप समारंभात भेट मिळालेली कुऱ्हाड पोतित्सेवर, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावावर, चालवली. पोतित्सा कापली गेली नाही. तिचा चेंदामेंदा झाला.

"हिला धार कोणी लावली?"

व्यवस्थापकाने एक चेचलेला तुकडा तोंडात टाकला आणि चव छान आहे म्हणून सांगितलं.

ओझबाल्टचं माथं भडकलं. एकतीस वर्षं पाण्यात फिरणाऱ्या चाकावर कुऱ्हाडी घासल्या, आणि जाताना हातात हे! त्याने तिथल्या तिथे व्यवस्थापकाकडून शब्द घेतला: ज्याने हे पाप केलं, तो उद्यापासून कारखान्याच्या फाटकातून आत येणार नाही. व्यवस्थापकाने लगेच मान डोलावली.

मग तो कुऱ्हाड घेऊन तडक धारखात्यात गेला. त्याचे तिघे सोबती मागोमाग आले.

"बाह्या वर करा!"

तिघांनी केल्या. हात कोपरापर्यंत गुळगुळीत. बारा-बारा वर्षं झाली, तरी धार बघायला हातावरचे केस भादरतात! ओझबाल्टच्या हातावर मात्र अस्वलाने लाजावं असं रान होतं. चाकाचा आवाज ऐकला की त्याला धार कळायची.

"सोललेल्या कोंबड्या नुसत्या! दोनचा भोंगा झाला की मी घरी जातो. तुम्ही रोज तासभर मागे. का, तर म्हणे चाकं धुतो! आणि त्यातून ही धार? हिने लोणी तरी कापलं जाईल का?"

"उस्ताद, जाऊ द्या ना," नेझा म्हणाली.

"काय? पुटपुटू नकोस. हल्ली सगळेच पुटपुटायला लागलेत."

"म्हटलं, सोडून द्या!"

"सोडून देऊ? अगं, ही बोथट कुऱ्हाड लाकडावरून घसरली तर कुणी लाकूडतोड्या आपलाच पाय फोडून घेईल! नाव सांग. नाव कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. यांका जमिनीकडे बघू लागला. मातेव्झने नळ उगाच घट्ट केला.

शेवटी नेझा पुढे झाली. तिने ओझबाल्टच्या कानाशी हातांचा कर्णा केला आणि सगळा दम लावून ओरडली,

"तुमचीच आहे, उस्ताद! व्यवस्थापक साहेबांनी सकाळी तुमच्या चाकावरून परस्पर उचलली. आम्हाला रोजच्यासारखी परत धार लावायला मिळालीच नाही!"