नानांच्या वहाणा

"एका पूजेपुरत्या वहाणा काढल्या तर काय आभाळ कोसळणार आहे का?" नंदकुमारशेठनी क्षमाला विचारलं.

क्षमा त्यांच्या अंधेरीच्या ऑफिसात पाहुण्यांची व्यवस्था बघायची. नानांबरोबर आलेलं पत्रक तिने दोनदा वाचलं होतं. घानामधल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यातली चाळीस गावं नानांना प्रमुख मानत. नाना ही तिकडची पदवी. ऑफिसने मात्र पहिल्याच दिवशी त्यांना घरचेच नाना करून टाकलं. ते परक्यांशी स्वतः बोलत नसत. त्यांच्या वतीने क्वेसी नावाचे पिकल्या केसांचे गृहस्थ बोलायचे. आणि नानांचा अनवाणी पाय जमिनीला लागता कामा नये, हे पत्रकात ठळक छापलं होतं. क्वेसींच्या पिशवीत वहाणांचा एक जास्तीचा जोड कायम असे.

क्षमाने हे सगळं शेठना सांगितलं. नानांना पूजेच्या जागेबाहेर खुर्ची देऊ, असंही सुचवलं. शेठ ऐकायला तयार नव्हते. नानांच्या जिल्ह्यातला कोट्यवधींचा डोंगर खणायचा करार, त्यासाठी सत्यनारायण घातलेला, आणि चौरंगासमोर कुणी वहाणांसकट सही करायची म्हणजे भलतंच.

त्या डोंगरातून नदी निघते. चाळीसही गावं तिचंच पाणी पितात. नाना दोन वर्षं सही टाळत आले होते. शेवटी त्यांच्या सरकारचा राजधानीतून निरोप आला, की सही करा, नाहीतर पदावरून खाली ओढू. म्हणून ते इथे आले होते. क्षमाला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. आपण या माणसाची सरबराई करतोय की त्याला फसवतोय, हेच तिला कळेनासं झालं होतं.

शेठची अट ऐकून क्वेसी आडवेच आले. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बाजूला केलं. मग स्वतः वाकून वहाणा काढल्या आणि दोन्ही पाय लादीवर टेकवले. क्वेसींनी अंगावरच्या वस्त्रात तोंड लपवलं.

शेठ भारावून गेले. याला म्हणतात संस्कार, असं क्षमाला सुनावून त्यांनी फोटो काढणाऱ्या मिहिरला पायांचेही फोटो घ्यायला लावले.

नानांनी हात जोडले, प्रसादाचा शिरा खाल्ला आणि सावकाश सही केली. टाळ्या झाल्या. नानांना दोन शब्द बोलायचे आहेत का, असं शेठनी क्वेसींना विचारलं.

क्वेसींऐवजी नाना स्वतः बोलू लागले. इतक्या दिवसांत क्षमाने त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"आमच्याकडे प्रमुखाला पदावरून उतरवताना त्याच्या वहाणा काढतात. ज्याचा पाय जमिनीला लागला, तो प्रमुख राहिला नाही. ही सही एका साध्या म्हाताऱ्याची आहे. फोटो तुमच्याकडे आहेतच."

शेठनी मिहिरकडे बघितलं. मिहिरने कॅमेऱ्यात बघितलं. पाय आधी, सही नंतर, वेळेसकट.

नवा प्रमुख कधी होणार, एवढंच शेठना विचारता आलं. क्षमाला हसू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही.

"निवड माझी थोरली बहीण करते," नाना म्हणाले. "मला निवडायला तिने चार वर्षं घेतली होती."