वाळवणातली पावलं

तपासनीस येणार म्हणून माझ्या नवऱ्याने, कोनानने, राबणारी पोरं सकाळीच रानात पिटाळली. अंगणात चटयांवर कोकोच्या बिया वाळत होत्या. एरवी पोरंच त्यांतून अनवाणी पाय फिरवत चालतात, म्हणजे बिया सगळीकडून वाळतात.

"लहान मुलं कामाला आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"छे हो साहेब! एक तरी दिसतंय का?" कोनान खुर्चीत रेलून हसला.

तेवढ्यात चटईवरच्या बिया सरसर बाजूला होऊ लागल्या. त्यांतून पडलेली वाट चटईच्या टोकापर्यंत गेली, वळली. वारा नव्हता.

मग लाल धुळीत चिमुकली पावलं उमटली. डाव्याला अंगठा नव्हता.

राबणाऱ्या पोरांतल्या, कोयत्याने पायाचा अंगठा तुटलेल्या तिंगाला गेल्या हंगामात आम्हीच माती दिली होती.

पावलं खुर्चीपाशी थांबली. कोनानने हळूच दोन्ही पाय वर ओढून घेतले.