गाळलेली चित्रं

गंगावेशीतल्या नईमनं लेकीच्या वाढदिवसासाठी जुन्या टीव्हीला पत्त्यांच्या डबीएवढा कॉम्प्युटर जोडला आणि त्यात आपल्या लहानपणचा मारामारीचा गेम घातला. गेम चालेना, नुसता रांगत होता. एक बुक्की पोचेपर्यंत माणसाची जांभई देऊन व्हायची.

"अब्बा, संध्याकाळी मैत्रिणी येणार हायत की!" आठ वर्षांची अरीबा दारातून ओरडून गेली.

नईमनं आवाज बंद केला, चित्र लहान केलं, डबी तापू नये म्हणून वर पंखा धरला. शेवटी वैतागून त्यानं सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावर भराभर येणाऱ्या चित्रांतलं एकाआड एक चित्र गाळायला सांगितलं. गेम जरा हलला.

बायको, आफशीन, चहा घेऊन दारात दिसली. पुढच्याच क्षणी रिकामा कप त्याच्या हातात होता.

"चहा कवा प्यालो गं मी?"

"आत्ताच की. वर साखर कमी म्हणून भांडलासा."

माणूस दमलाय, असं म्हणून नईमनं स्वतःला माफ केलं आणि दर दहातली नऊ चित्रं गाळून टाकली. गेम वाऱ्यासारखा पळायला लागला.

"अरीबा, ये गं, झालं बघ!"

अरीबा आली. स्वतःच्या कानशिलावरचे पांढरे केस मागं सारत तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली.

"अब्बा, आधी ही घ्या. आज तरी हट्ट करू नगासा."