एका पायरीचा फरक

मोजणीदार परत आला. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. त्याच्या बायकोनेही सासूबाईंना तसंच भासवलंय.

सहा वर्षांपूर्वी नकाशा कार्यालयातल्या साहेबांनी त्याला डोंगराभोवतीची समोच्च रेषा चालायला धाडलं होतं. म्हणजे एकाच उंचीवरून चालत राहायचं, तसूभर वर नाही की खाली नाही. "रेषा संपल्याशिवाय घरी जायचं नाही," साहेबांनी बजावलं. आता असली रेषा गोल फिरून स्वतःलाच मिळते, ती संपणार कुठे? पण या पठ्ठ्याला साहेबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज भरदुपारी तो फाटकासमोर दिसला. तिथे पाइपासाठी चर खणलेला होता. तो चरात उतरला नाही, की त्याने उडी मारली नाही. हवेतून तसाच सपाट चालत आला.

"अहो, आत या ना!"

"कसा येऊ गं? एक पायरी चढावी लागते," तो न थांबता म्हणाला. "आई बरी आहे?"

"तुमच्याच वाटेकडे डोळे लावून बसल्यात."

तो वळणाआड गेला.

"कोण होतं गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"कोणी नाही."

मग तिने पहार घेऊन पायरी फोडली, आणि संध्याकाळी नकाशा कार्यालयाला अर्ज लिहिला: 'महोदय, पायरी फोडली तरी घर खाली येत नाही. सबब आमच्या दारासमोरून जाणारी समोच्च रेषा एका पायरीने वर सरकवून मिळावी. फेरी सहा वर्षांची आहे आणि सासूबाई थकल्या आहेत, तरी त्वरा व्हावी, ही नम्र विनंती.'